पुंडलिकभाऊंचा मोराव्हिया

नकाशा कोणताही असो, पुंडलिकभाऊ तो उत्तरेच्या भिंतीवरच टांगत. आमच्या भूगोल विभागातला फळा पूर्वेला होता आणि बाकंही त्याच्याकडे तोंड करून. त्यामुळे नकाशाचा तास असला की पन्नास-साठ पोरापोरींना मान डावीकडे वळवून बसावं लागे. अमरावतीच्या त्या कॉलेजात मी नवा लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हटलं, फळ्याच्या वरच एक खिळा ठोकून टाका. त्यांनी हातातली गुंडाळी खाली ठेवली नाही. म्हणाले, "सर, नकाशा पूर्वेले टांगला तं पोरायच्या डोक्यातल्या नद्या भलतीकडेच वाह्यतीन. मान दुखली तं दुखू द्या. पेपरात दिशा चुकणार नाई."

खिळा ठोकला गेला नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, ते चाळिशीला आलेले. हुद्दा त्यांचा होता प्रयोगशाळा परिचर. म्हणजे खोल्या उघडायच्या, फळा पुसायचा, पाणी भरायचं, सर्वेक्षणाची यंत्रं पुसून पेटीत ठेवायची आणि साहेबलोक आले की चहाचा ट्रे धरायचा. नकाशे काढणं हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते त्यांना आमच्या आधीच्या विभागप्रमुखांनी शिकवलं होतं. हा माणूस फावल्या वेळात टाकाऊ कागदावर वऱ्हाडातल्या नद्या काढत बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्याच्या हातात बोरू दिला. पुंडलिकभाऊ मूळचे अकोल्याजवळचे, माळ्यांच्या घरातले. घरी वांगी, मेथी, झेंडू. शिक्षण दहावीपर्यंत. पण नोकरी लागल्यापासून वर्गाच्या दाराशी उभं राहून त्यांनी आमचा सगळा अभ्यासक्रम ऐकला होता, आणि आमच्यापैकी कोणापेक्षाही जास्त वेळा.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला युरोपच्या प्रादेशिक भूगोलाचा एक पेपर होता. त्यात एक ऐतिहासिक प्रदेश सविस्तर शिकवायचा असे, आणि त्या जुन्या विभागप्रमुख सरांनी त्यासाठी मोराव्हिया निवडला होता. आजच्या झेक देशाचा पूर्वेकडचा भाग. नवे विद्यार्थी विचारत, हाच का? त्याचं उत्तर सरांच्या आधी पुंडलिकभाऊंकडे तयार असे. "काहून म्हणजे? वऱ्हाड कोन्या नकाशात आहे? जिल्हे आहेत, विभाग आहे, वऱ्हाड नाई. तरी तुमी सोयरीक जुळवाले गेले का वऱ्हाडातलेच म्हणता ना? मोराव्हियाचं तसंच आहे. सरकारच्या कागदावर नाई, लोकायच्या तोंडी आहे. तिथं तं जनगणनेत लोक 'मोराव्हियन' म्हणून लिवून देतेत."

ते खरंच आहे. मी नंतर तपासून पाहिलं. त्यांचं म्हणणं मी नेहमी नंतर तपासून पाहत असे, आणि ते बरोबर निघालं की मला बरं वाटत नसे. हे आता सांगायला हरकत नाही.

मोराव्हिया ते वऱ्हाडाच्या हिशेबाने समजावून सांगत. मोरावा नदी म्हणजे पूर्णा धरा, फक्त आपली पश्चिमेला तापीला मिळते आणि ती दक्षिणेला डॅन्यूबला. उत्तरेचे जेसेनिक डोंगर म्हणजे मेळघाट. मधलं हाना नावाचं मैदान काळ्या मातीचं, "पण आपल्यासारखी उन्हाळ्यात फाटत नाई ते माती, सरळ आहे." तिथे बार्ली आणि साखरेचं बीट. दक्षिणेला द्राक्षं. ब्रनो शहरात कापडाच्या गिरण्या होत्या, त्या पडल्या. "हे तं आपल्याले सांगावं लागत नाई," असं म्हणून ते पुढे जात. आणि उत्तरेच्या टोकाला ऑस्ट्राव्हा. दगडी कोळसा, पोलाद, धूर. तिथल्या एका नदीच्या अलीकडचं अर्धं शहर मोराव्हियात, पलीकडचं अर्धं शेजारच्या सायलेशियात. त्या खाणी आणि भट्ट्याही आता थंड झाल्या.

पण त्यांची खरी हौस लोकसंख्येच्या नकाशात होती. भूगोलात त्याला टिंब पद्धत म्हणतात. एक टिंब म्हणजे अमुक इतके लोक असं ठरवायचं आणि जिथे माणसं राहतात तिथे टिंबं द्यायची. आमच्याकडे एक टिंब म्हणजे दहा हजार माणसं. विद्यार्थी ही टिंबं पेनाने भराभर मारून मोकळे होत. पुंडलिकभाऊ बाभळीचा काटा शाईत बुडवून टेकवत, म्हणजे सगळी टिंबं एका मापाची पडतात. एक टिंब टेकवलं की काटा उचलून क्षणभर थांबत, जणू ती माणसं नीट बसली की नाही ते बघतायत.

प्रात्यक्षिकाच्या तासाला ते बाकांमधून फिरत. कोणाच्या वहीत वाकून बघत आणि हळूच म्हणत, "बाई, हे टिंब नदीत पडलं तुमचं. दहा हजार लोक बुडवले."

मोर्शीची एक मुलगी होती, फटकळ. ती म्हणाली, "भाऊ, पोहता येत असंन त्यायले."

"दहा हजाराले? मोर्शीच्या दहा हजाराले येते काय पोहता?"

वर्ग हसला. तिने खोडरबर घेतलं.

माझी पुस्तिका आली ती त्यानंतर काही वर्षांनी. बाहेरून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाला अध्ययन पुस्तिका काढायच्या होत्या, आणि युरोपच्या पेपरची माझ्याकडे आली. मला ती हवीच होती. माझ्या नावावर तोवर काही छापलेलं नव्हतं. मोराव्हियाचं प्रकरण मी दोन संध्याकाळी लिहिलं. इंटरनेटवर 'दक्षिण मोराव्हिया' या आजच्या प्रशासकीय प्रांताचं पान समोर आलं. क्षेत्रफळ, लोकसंख्या, पिकं, उद्योग, सगळं नीट मांडलेलं. मी ते सगळ्या मोराव्हियाचं म्हणून उतरवलं. शीर्षकातला 'दक्षिण' मला दिसला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. दिसला होता. वाटलं, तेवढ्याने काय होतं.

त्यामुळे माझ्या पुस्तिकेत मोराव्हिया म्हणजे ब्रनो आणि त्याच्या आसपासचा मुलूख एवढाच उरला. वरचं मैदान गेलं, जेसेनिक गेले, ऑस्ट्राव्हा गेलं. लोकसंख्या तीसेक लाखांवरून बारा लाखांवर आली. खनिज संपत्ती या मथळ्याखाली मी लिहिलं, 'नगण्य'.

पुस्तिकांचे गठ्ठे आले तेव्हा पुंडलिकभाऊंनीच ते सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पुस्तिका हातात, आत बोट घातलेलं.

"सर, एक विचारू काय?"

"विचारा."

"ऑस्ट्राव्हाचा कोळसा कुठं गेला?"

मी हजेरीपट उघडला. ते आवाज अजून खाली आणून म्हणाले, "हे म्हणजे असं झालं पाहा, का कोनं वऱ्हाडावर पुस्तक लिवलं अन् त्यात एकटा अमरावती जिल्हा टाकला. अकोल्यानं काय घोडं मारलं?" आणि हसले. मला हसता यावं म्हणून ते हसले, हे मला तेव्हाही कळलं.

"सीमा बदलल्यात आता तिथल्या," मी म्हणालो. "नवीन माहिती आहे ही."

"प्रांताच्या बदलल्या. मोराव्हियाच्या काहून बदलतीन?"

"पुंडलिकभाऊ, छापून झालंय. परीक्षेला हेच येणार."

"मंग राहू द्या," ते म्हणाले.

त्यांनी त्यावर कधी वाद घातला नाही. फक्त त्या दिवाळीच्या सुट्टीत एक मोठा नकाशा काढला. कापडावर, चार फूट बाय तीन. मोराव्हियाच्या लोकसंख्येचा, जुन्या खऱ्या सीमेसह. तीनशे टिंबं. ऑस्ट्राव्हाजवळ ती इतकी दाट की कापड तिथे काळं दिसे. दुसऱ्या महायुद्धानंतर जिथून जर्मन लोकांना घालवून दिलं त्या गावांच्या जागी त्यांनी पोकळ, बारीक वर्तुळं काढली होती. हे कोणत्याही पद्धतीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "घरं तं होती ना सर तिथं." तो नकाशा उत्तरेच्या भिंतीवर लागला. मी तो राहू दिला. दिसायला चांगला होता आणि पुस्तिकेशी ताडून बघण्याइतका वेळ कोणाला नव्हता.

त्याच सुमारास प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. पुंडलिकभाऊंनी अर्ज केला. सेवा झालेली होती, नियमात बसत होतं, फक्त विभागप्रमुखाचा गोपनीय अहवाल चांगला जायला हवा होता. मला वाटलं, म्हातारपणी ट्रे धरायला नको म्हणून अर्ज केला असेल. ते म्हणाले, "तसं नाई सर. सहायक झालो का नकाशाच्या कोपऱ्यात नाव टाकता येते." आमच्या विभागात तशी रीतच होती. जुन्या सरांनी घातलेली. नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात 'रेखाटन' लिहून नाव, पण ते सहायकापासून वरच्यांचं. परिचराचं नाही. भिंतीवरच्या सतरा नकाशांपैकी चौदा त्यांच्या हातचे होते आणि एकावरही नाव नव्हतं. मी म्हटलं, "होऊन जाईल."

अहवाल पाठवायला पंधरा दिवस होते, तेवढ्यात कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती आली. तिच्यात भूगोलाच्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. विभागात आल्यावर त्यांनी माझी पुस्तिका चाळली, मग मान डावीकडे वळवून भिंतीकडे पाहिलं. उठून नकाशापाशी गेल्या. पुस्तिका उघडी हातात.

"सर, ही सीमा आणि पुस्तिकेतली सीमा वेगळी का?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. पुंडलिकभाऊ दाराशी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभे होते.

मी म्हणालो, "नकाशा आमच्या परिचराने काढलाय, मॅडम. त्याला संदर्भ नीट समजला नसावा."

समोर मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या एका वाक्यात केलं.

बाई वळल्या. "का हो, कशावरून काढलात तुम्ही हा?"

पुंडलिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "अंदाजानं काढला, मॅडम."

उत्तर दिशा ठरवल्याशिवाय खिळा न ठोकणारा माणूस हे म्हणाला. बाईंना ते पटलं नसावं, त्या थोडा वेळ ऑस्ट्राव्हाच्या टिंबांकडे बघत राहिल्या. पण पुढचा विभाग बघायचा होता. ग्लास तसेच ट्रेवर राहिले.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे, शिपायाने काढलेले चुकीचे नकाशे भिंतीवर लागतात कसे. मी तेव्हाही सांगू शकलो असतो. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, बदलून घेतो. ते म्हणाले, लेखी काही तरी हवं. त्या आठवड्यात मी गोपनीय अहवाल लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नकाशाच्या कामात अचूकता नाही. अंदाजाने काम करण्याची सवय.' दुसरं वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे, असं मी लिहिताना स्वतःशी म्हटल्याचं आठवतं. अक्षर चांगलं आलं होतं.

सहायकाची जागा बाहेरून भरली.

नकाशा त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतला. मी पुस्तिका पुढे ठेवली आणि म्हणालो, याप्रमाणे करा. त्यांनी कापड टेबलावर पसरलं, पांढऱ्या रंगाने वरची सीमा बुजवली आणि दाढीचं पातं घेऊन एकेक टिंब खरवडायला लागले. एकशेऐंशी टिंबं काढायची होती. कापड फाटू नये म्हणून पातं आडवं धरून, फुंकर मारत. दुपारभर चाललं. मी त्याच खोलीत पेपर तपासत होतो, कारण उठून गेलो असतो तर ते पळून गेल्यासारखं दिसलं असतं. संध्याकाळी त्यांनी मधलं मैदान संपवलं आणि ऑस्ट्राव्हाशी आले. पातं हातात धरून विचारलं,

"सर, हे लोक कुठं ठेवू?"

मी पेपरावरून मान वर केली नाही. ते उत्तराची वाट बघत थांबले, मग पुन्हा खरवडण्याचा आवाज सुरू झाला.

त्यानंतर ते सात वर्षं नोकरीत होते. काही बिघडलं नाही. माझ्याशी बोलणं तसंच, 'सर' तसंच, पोरांच्या वहीतली बुडालेली माणसं तशीच बाहेर काढत राहिले. फक्त नवा नकाशा काढला नाही. मी सांगितलं तर म्हणत, "आता डोळ्यानं दिसत नाई सर," आणि सुईत दोरा ओवावा इतकं त्यांना दिसत होतं. निरोपाच्या सभेत मी बोललो. नम्रता, सेवाभाव, वक्तशीरपणा असं सगळं बोललो. अचूकता हा शब्द तोंडाशी आला आणि मी तो गिळला. ते खुर्चीवर शाल घेऊन बसले होते आणि टाळ्या वाजवत होते.

मागच्या वर्षी ते अकोल्याला, मुलीच्या घरी वारले. मला आठ दिवसांनी कळलं. तेरवीला गेलो. मुलीचं नाव वंदना, नवऱ्याबरोबर फुलांचं दुकान चालवते. मी कॉलेजातला म्हटल्यावर तिने मला पुढे नेऊन बसवलं आणि जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "हे बाबाचे सर. बाबाले सहायकाची जागा देऊन राहिले होते हे. बाबानंच नाई म्हटलं. सहायक झालो तं फायली सांभाळा लागतीन, नकाशे सुटतीन, म्हणे."

एक म्हातारा पाहुणा म्हणाला, "आता असे लोक कुठं राहिले."

मी मान हलवली. काय हलवायची ती हलवली. घरच्यांना त्यांनी असं सांगितलं होतं. त्यात त्यांची लाज झाकली होती आणि माझीही, आणि मी मधे पडून ती उघडी करायची की नाही हे मला मांडवात बसून ठरवता येईना. जेवण वाढलं गेलं. मी जेवलो आणि अमरावतीला परत आलो.

पुढच्या महिन्यात मी विद्यापीठात पुस्तिकेची दुरुस्ती द्यायला गेलो. खिडकीवरच्या बाबूने फाईल शोधली नाही. म्हणाला, "तो पेपरच नाही राहिला सर आता. नवीन अभ्यासक्रम आला. कोण वाचते ते?" जी मुलं ते वाचून पास झाली, त्यातली काही आता स्वतः शिकवत असतील. त्यांच्या मोराव्हियात ऑस्ट्राव्हा नसेल.

म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, हे छापून आलं तर वंदनाच्या हातात कोणी तरी देईल. अकोला काही लांब नाही. तिने ते दुकानात बसून दुसऱ्याकडून वाचावं हे बरं नव्हतं. गेल्या रविवारी मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. दुपारची वेळ होती, ती पुढच्या खोलीत शेवंतीची जुडी सोडत बसली होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं. इथपर्यंतचं. अहवालातली दोन वाक्यं तिला दोनदा वाचून दाखवावी लागली.

ती फुलं ओवत होती. वाचून झाल्यावरही ओवत राहिली.

मग म्हणाली, "कोळसा होता काय तिथं?"

"होता."

"बाबानं काढला होता तिथंच?"

"तिथंच."

"म्हणजे बाबा बरोबर होते."

"हो."

"अन् बाबाले हे माहीत होतं का तुमी काय लिवलं ते?"

"मला माहीत नाही. बहुतेक होतं."

तिने हार गुंडाळून पाण्याचा हात मारलेल्या कापडात ठेवला. "मंग आमाले सांगितलं ते काहून सांगितलं बाबानं," ती म्हणाली, पण ते मला विचारल्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "छापा तुमी. नाव पूर्ण टाकू नका. पोरं हायेत माही शाळेत."

मी म्हटलं, नाही टाकत.

आत नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. ती उठली आणि आत गेली. चहाचं विचारलं नाही. वऱ्हाडात घरी आलेल्या माणसाला चहाचं विचारलं जात नाही असं मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. मी थोडा वेळ थांबलो. मग कागद पिशवीत घातले, दार ओढून घेतलं आणि स्टँडकडे चालू लागलो.